कानाच्या पाळीचे रक्त

निजामी कालगणनेतल्या इस्फंदार महिन्यात, संक्रांतीनंतरच्या दहाव्या दिवशी, डॉ. शंकर केजकर यांनी आपण स्वतः लिहिलेला अहवाल चुकीचा असल्याचे पत्र जिल्ह्याच्या वरिष्ठ डॉक्टरांना पाठवले. पत्र अडीच ओळींचे होते. अहवाल गरोदर बायकांच्या रक्तक्षयावरच्या एका औषधाचा होता. तो तीन आठवड्यांपूर्वीच गेला होता, वरिष्ठांच्या शिफारशीसह पुढे हैदराबादेला रवाना झाला होता आणि त्याची तारीफ करणारे उत्तरही आले होते. पत्राची नक्कल मी केली. मी त्या वेळी त्यांच्या दवाखान्यात नोंदकारकून होतो.

दवाखाना पाटोदा तालुक्यातल्या एका गावात होता. संबंधित कुटुंबे अजून तिथे नांदतात, म्हणून गावाचे नाव देत नाही. माणसांची नावेही बदलली आहेत. राज्य निजामाचे. सरकारी कागद उर्दूत जात, डॉक्टरांच्या वह्या इंग्रजीत असत आणि बाया सांगत ते मराठीत. हे तिन्ही एकमेकांशी जुळवणे, एवढेच माझे काम.

केजकर तेव्हा पस्तिशीचे असतील. उंच, मानेत वाकलेले, चष्म्याची एक काडी सुताने बांधलेली. हैदराबादेतली प्रयोगशाळेची नोकरी सोडून त्यांनी हा आडगावचा दवाखाना मागून घेतला होता. का, असे लोक विचारत. ते सांगत, "इथं बाया पांढऱ्या पडतात." त्यापुढे ते काही बोलत नसत, आणि लोकांना वाटे की उत्तर टाळले.

उत्तर तेच होते. या भागात गरोदर बायकांपैकी काही जणींचे रक्त पाचव्या-सहाव्या महिन्यापासून उतरू लागे. ताप नाही, पोटात जंत नाहीत, तरी चेहरा मेणासारखा होई. बाळंतपणात थोडे रक्त गेले तरी त्या उठत नसत. लोहाचे औषध त्यांना लागू पडत नव्हते. केजकरांनी सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले होते की अशा बाईच्या रक्तातले तांबडे कण संख्येने थोडे असतात, पण एकेक कण नेहमीपेक्षा मोठा असतो. निरोगी बाईच्या रक्ताच्या टाचणीच्या डोक्याएवढ्या थेंबात पंचेचाळीस लाखांच्या आसपास कण भरतात. या बायांत ते वीस लाखांच्या खाली येत. ते का येतात आणि कशाने वाढतील, एवढ्या एका प्रश्नासाठी केजकर तिथे राहत होते.

मोजणी दिवसाच होई, कारण सूक्ष्मदर्शक यंत्राखालच्या आरशाला ऊन लागे. बारीक चौकटी आखलेल्या काचेवर पातळ केलेले रक्त सोडायचे, डोळा लावायचा आणि एकेका चौकटीतले कण मोजायचे. एक चौकट झाली की केजकर डाव्या हाताने एक चिंचोका वाटीत टाकत. मोजणी चालू असताना कोणी बोलले तर ते वाटी पालथी करत आणि पहिल्यापासून सुरुवात करत. रागावत नसत. फक्त वाटी पालथी होई.

एकदा तहसीलदार दाढ दुखते म्हणून स्वतः आले. केजकरांनी डोळा न उचलता हात वर केला. तहसीलदार गालावर हात दाबून दारात उभे राहिले. पाव तास झाला तेव्हा ते म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आम्ही उभे आहोत." वाटी पालथी झाली. पुढची मोजणी संपेपर्यंत तहसीलदार पुन्हा बोलले नाहीत. दाढ काढून झाल्यावर केजकर म्हणाले, "साहेब, दाढ कुठं पळून जात नव्हती. आकडा जातो." दवाखान्याचा शिपाई चांद याने ही हकिकत आठवडाभर बाजारात सांगितली.

नोंदीत 'वाटते' हा शब्द त्यांना चालत नसे. बाई बरी वाटते, असे मी एकदा लिहिले. त्यांनी तो शब्द खोडला नाही. मला समोर बसवून विचारले, "कुणाला वाटते?" मी टाक खाली ठेवला. "मग दिसलं तेवढंच लिहा," ते म्हणाले.

या नियमामागे एक मृत्यू होता. दवाखान्याला जोडलेली सुईण कासिमबी. वय पन्नाशीच्या पुढे, आवाज मोठा, तालुक्यातली अर्धी पोरे तिच्या हातची. ती बाईची खालची पापणी ओढून रक्त किती ते सांगे. केजकर येऊन थोडेच दिवस झाले असताना तिने एका बाईची पापणी पाहून "चांगली लाल हाय, काळजी न्हाई" असे सांगितले. केजकरांनी मोजणी केली नाही. ती बाई बाळंतपणात गेली. त्यानंतर केजकरांनी मोजणीशिवाय काही मानले नाही, आणि कासिमबीनेही पापणीवरून बोलणे सोडले.

औषध शिंदीचे होते. निजामी मुलखात शिंदीची झाडे आणि ती उतरवणारी कलाल घरे गावोगाव होती. त्या घरांतल्या गरोदर बाया सहसा पांढऱ्या पडत नाहीत, हे केजकरांच्या नजरेस आले. घागरीच्या तळाशी साचणारा गाळ त्या घरात भाकरीच्या पिठात जाई. केजकरांनी तो गाळ आणवला, उकळून त्यातली नशा घालवली, उन्हात वाळवला आणि त्याच्या राखाडी पुड्या बांधल्या. पुडीत काय आहे ते बाईला सांगूनच द्यायचे, हा त्यांचा हट्ट होता. कासिमबी म्हणे, "डागदर, नाव न्हाई सांगितलं तर दहा घेत्याल. सांगितलं तर चार."

"चारच देऊ," केजकर म्हणत.

खरी अडचण पुडीची नव्हती, बोटाची होती. रक्त बोटाच्या टोकातून घ्यायचे आणि थेंब काचेवर उतरवायचा. निजामी अमलात ज्याला लिहिता येत नाही त्याचा अंगठा कागदावर घेत, आणि त्या कागदात काय लिहिले आहे हे त्याला पुष्कळदा जमीन गेल्यावरच कळे. बोट, दाब, डाग, सरकारी माणूस, इथेही सगळे तेच. एका वस्तीवर नामदेव आबा नावाच्या म्हाताऱ्याने सुनेचे बोट पुढे येऊ दिले नाही.

"आबा, ही काच आहे. स्टॅम्पाचा कागद नाही," केजकर म्हणाले.

"कागद दिसतो तरी, डागदर. काचंवर तुमी काय लिव्हता त्ये आमाला दिसत बी न्हाई."

"तुम्ही या, डोळा लावून बघा."

आबांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिले आणि सरळ होत म्हणाले, "लई बारीक लिव्हल्यालं हाय."

त्या वस्तीवर एकही बोट मिळाले नाही. बातमी पुढच्या वस्त्यांवर गेली. कार्तिकी पौर्णिमेनंतरच्या पंधरवड्यात दवाखान्यात एकाही नव्या बाईने बोट दिले नाही. जुन्या बायांची दुसरी मोजणी करायची होती, त्याही येईनात.

तोड कासिमबीने काढली. "बोटाचं भ्या हाय न्हवं? मंग कानाचं घ्या. कान समद्यांचेच टोचल्याले हायती. सोनारानं टोचला तवा कुणाचं वावर गेलं?"

केजकरांनी पुस्तक काढले. त्यात लिहिले होते की बोटाऐवजी कानाच्या पाळीतून रक्त घेतले तरी चालते. ते पान त्यांनी मला दाखवले, कासिमबीला दाखवले. ती म्हणाली, "मला काय दावता, म्याच सांगितलंय."

मार्गशीर्षातल्या एका बाजाराच्या दिवशी पाटोद्याला लिंबाखाली बाकडे टाकले. शेजारी मुद्दाम गावच्या सोनाराला बसवले. सोनार काही करत नव्हता, पण त्याला पाहून बाया थांबत होत्या. एक म्हणाली, "टोचलाच हाय तर मोती बी घाला, डागदर." हसू झाले आणि रांग लागली. त्या एका दिवसात जितके कान मिळाले तितकी बोटे आधीच्या वर्षात मिळाली नव्हती.

जुन्या बायाही परत आल्या. ज्यांची पहिली मोजणी बोटाच्या रक्ताची होती, त्यांची दुसरी कानाच्या रक्ताची झाली. आकडे वाढलेले होते. जवळजवळ सगळ्यांचे. केजकरांनी मला ते आकडे तीनदा वाचायला लावले. मग उठून ते पायी कासिमबीच्या घरी गेले आणि दारातूनच तिला सांगून परत आले. त्या आठवड्यात अहवाल लिहिला गेला.

अहवालात सर्वांत ठळक आकडा चंद्रभागेचा होता. ती भानुदास नावाच्या शेतकऱ्याची बायको, वय पंचवीसच्या आत. आधीची दोन बाळंतपणे झाली होती. पहिले मूल जगले नव्हते, दुसऱ्या वेळी ती महिनाभर अंथरुणातून उठली नव्हती. कार्तिकात, बोटाचे भय पसरण्याआधी, तिची मोजणी एकोणीस लाख आली होती. केजकरांनी भानुदासला बाजूला घेऊन सांगितले होते की या रक्तावर ती बाळंतपणातून उठणार नाही. त्या दिवसापासून तिला पुड्या दिल्या जात होत्या. पौषात कानाच्या रक्ताची मोजणी तीस लाख आली.

तिच्या घरी जाऊही बाळंत व्हायची होती. एका घरात दोन बाळंतिणी नकोत, असा रिवाज. तेव्हा चंद्रभागेने लिंबागणेशाच्या पुढे असलेल्या माहेरी जायचे ठरत होते. तिला सातवा महिना सरत आला होता आणि आठव्यात बाईला हलवत नाहीत. जायचे तर त्याच आठवड्यात. माहेरापासून दवाखाना आठ कोस. भानुदास विचारायला आला.

केजकरांनी वही पाहिली. "तीस लाख. जाऊ द्या."

कासिमबी कोपऱ्यात कापसाच्या घड्या करत होती. ती म्हणाली, "डागदर, तिचं तोंड मला काय ठीक वाटत न्हाई."

"वाटत नाही?" केजकरांनी विचारले.

ती पुन्हा घड्या करू लागली. भानुदास गेला.

केजकर रोज सकाळी पहिली मोजणी स्वतःच्या रक्ताची करत. यंत्र, काच, हात आणि डोळा ठिकाणावर आहेत की नाहीत हे त्यावरून कळते, असे ते म्हणत. त्यांचा स्वतःचा आकडा वर्षभर एकोणपन्नास-पन्नास लाखांच्या आसपास असे. रोज टोचून टोचून संक्रांतीच्या सुमारास त्यांच्या डाव्या हाताच्या बोटाला नखुरडे झाले. उजवा हात कामाचा, म्हणून तो त्यांनी राखला. थंडी कडक होती. संक्रांतीनंतरच्या नवव्या दिवशी सकाळी त्यांनी चांदला आरसा धरायला सांगून स्वतःच्या कानाची पाळी टोचली.

आकडा त्रेसष्ट लाख आला.

त्यांनी काच धुतली, नळी धुतली, पुन्हा मोजले. एकसष्ट. मग ते उन्हात जाऊन कान चोळत बसले आणि परत येऊन मोजले. त्रेपन्न. शेवटी उजव्या हाताचे बोट टोचले. एकोणपन्नास. या चार मोजण्यांना दोन तास लागले.

गारठ्यात पाळीतले रक्त तुंबते, पाणी मागे हटते, कण दाटतात. बायांच्या कानात जड बाळ्या असतात. हे त्यांनी नंतर लिहून ठेवले. त्या क्षणी ते एवढेच म्हणाले, "चंद्रभागेची गाडी कधी निघणार होती?"

गाडी त्याच सकाळी निघाली होती. चांदने ती दवाखान्यावरून जाताना पाहिली होती.

गावातल्या एकाकडून छकडा मागून घेतला. केजकर, कासिमबी, यंत्राची पेटी आणि मी. पेटी केजकरांनी मांडीवर धरली होती. रस्त्याने ते एकदाच बोलले. कासिमबीला विचारले, "त्या दिवशी तुम्हाला काय वाटलं होतं?"

"आता इचारता व्हय?" ती म्हणाली. "ओठ बघितलं व्हतं तिचं. बोलताना दम खात व्हती. एक वाक्य दोनदा तोडती ती बाई."

"हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तुमी इचारलंव का?"

दुपार टळता टळता लिंबागणेशाच्या अलीकडे गाडी गाठली. भानुदास बैल सोडून सावलीला बसला होता. चंद्रभागा गाडीत अंग टाकून होती. चाके थांबली तरी तिचा श्वास गाडीबाहेर ऐकू येत होता.

"काय राह्यलं डागदर?" भानुदास म्हणाला. "तुमीच तर जा म्हनलाव."

"मी चुकलो असेन. मोजू द्या."

"मंग त्या दिशी काय मोजलंव?"

"कान."

"अन् आज?"

"दोन्ही मोजणार आहे."

भानुदास कासिमबीकडे वळला. "ह्यो मानूस शुद्धीवर हाय का, मावशी? परवा आठवा लागतो हिला. ऊन कलायच्या आत मला मुक्काम गाठायचा हाय."

"बस गप," कासिमबी म्हणाली. "बायकू तुझी हाय."

रस्त्याकडेला एक सपाट धोंडा होता. त्यावर यंत्र ठेवले. केजकरांनी आधी कान टोचला, मग बोट. चंद्रभागेने बोट पुढे केले, भानुदासकडे पाहिले नाही. केजकर खाली मांडी घालून बसले, आरसा फिरवून ऊन धरले आणि डोळा लावला. बैलांच्या गळ्यातली घुंगरे वाजली. त्यांनी डोळा काढला, वाटी पालथी केली आणि पुन्हा सुरुवात केली. पुन्हा घुंगरे वाजली. पुन्हा वाटी पालथी झाली.

"घुंगरं काढा त्याची," कासिमबी भानुदासला म्हणाली.

भानुदासने दोन्ही बैलांच्या माळा काढल्या आणि वाजू नयेत म्हणून दोन मुठींत घट्ट धरून तो उभा राहिला. कानाची मोजणी संपली तेव्हा सावली धोंड्याच्या कडेला आली होती. बोटाच्या मोजणीसाठी केजकरांनी यंत्र दोनदा उन्हात सरकवले. शेवटच्या चौकटी त्यांनी पोटावर पडून मोजल्या.

कान, एकोणतीस लाख. बोट, सतरा लाख.

ते आकडे त्यांनी मला सांगितले, मी लिहिले. मग ते गाडीजवळ गेले. "पुडी रोज घेतली?"

चंद्रभागेने पदर पुढे ओढला.

"बोल की," भानुदास म्हणाला.

"न्हाई घेतली."

"किती दिवस नाही?" केजकरांनी विचारले.

"एक बी न्हाई." ती दम घेऊन म्हणाली. "सासूबाई माळकरी हायत. शिंदीचा वास येतो म्हनल्या, घरात चालत न्हाई. टाकून द्यावी तर सरकारी. मंग म्हशीच्या आंबोणात कालवत व्हते."

"समद्या?" भानुदास म्हणाला.

"समद्या."

"तरीच म्हस…" भानुदास म्हणाला आणि थांबला. कासिमबीने तोंडाला पदर लावला.

केजकर हसले नाहीत. त्यांनी मला नोंद सांगितली. औषध घेतले नाही. पौषातला कानाचा आकडा तीस, औषध घेतले नाही. दोन्ही शेजारी शेजारी लिहा.

"मंग माझं रगत वाढलंच न्हाई?" चंद्रभागेने विचारले.

"नाही. उतरलंय."

"अन् आता पुडी घेतली तर वाढंल?"

"माहीत नाही."

"तुमी तर सरकारला लिव्हून धाडलं म्हनं, वाढतं म्हनून."

"धाडलं. ते चूक आहे. पुडीनं वाढतं की नाही, हे अजून मला माहीत नाही. दुसरं औषध माझ्याकडं नाही."

ती गाडीच्या साट्याकडे पाहत राहिली. परतायचे तर सासर आणि जावेचे बाळंतपण. पुढे जायचे तर आठ कोसांवरचा दवाखाना. भानुदास केजकरांच्या तोंडाकडे पाहत होता.

"माझी आई माळकरी न्हाई," चंद्रभागा म्हणाली.

गाडी पुढे गेली. कासिमबी तिच्यात बसून गेली.

पत्र दुसऱ्या दिवशी सकाळी लिहिले. वरिष्ठ डॉक्टर चौथ्या दिवशी मोटारीने आले. पेन्शनीला दोन वर्षे राहिलेला, सभ्य माणूस. चहा घेतला. मग म्हणाले, "केजकर, रक्त कानाचं की बोटाचं, हे हैदराबादेत कोण विचारणार आहे?"

"कुणी नाही."

"मग? पुढं बोटाचं मोजा, दुरुस्ती करा, सावकाश दुसरा अहवाल पाठवा. पहिल्यावर माझी सही आहे."

"साहेब, पहिला वाचून दुसरे डॉक्टर बायांना घरी पाठवतील. मी पाठवली होती."

"औषध कदाचित बरोबरच असेल."

"असेल. पण माझ्या कागदावर जी सगळ्यात जास्त बरी झाली, तिनं ते म्हशीला घातलं."

वरिष्ठांनी कप खाली ठेवला. ते रागावून गेले नाहीत. अहवाल हैदराबादेहून परत आला. त्यानंतर महिन्याभराने दोन हुकूम आले. यंत्र दुरुस्तीसाठी बीडला जमा करावे. डॉ. केजकर यांनी शिमग्यानंतर जिल्ह्याच्या पूर्व टोकाच्या दवाखान्यात रुजू व्हावे. यंत्र बिघडलेले नव्हते.

मधल्या आठवड्यांत केजकर दर सोमवारी चंद्रभागेच्या माहेरी जात होते. पुडी तिची आई स्वतः समोर बसून ताकातून देई. पहिल्या पुडीला चंद्रभागेला ओकारी आली, दुसरीही पडली, तिसरी राहिली. वहीत एक नवा रकाना आला होता. त्याचे शीर्षक 'कासिमबीला काय वाटले' असे होते. पहिल्या सोमवारी त्यात लिहिले गेले, "पायावर सूज. हाक मारली तर उशिरा वळते." तिसऱ्या सोमवारी, "भाकरी मागून घेतली." त्याच्या शेजारी बोटाचा आकडा असे. पहिले तीन आठवडे तो जवळजवळ हलला नाही. चौथ्या आठवड्यात एकवीस लाख आला. केजकरांनी तो दोनदा मोजला आणि कोणाला काही सांगितले नाही.

शिमग्याच्या दुसऱ्या दिवशी शेवटची मोजणी झाली. यंत्र न्यायला आलेला बीडचा शिपाई चंद्रभागेच्या माहेरच्या अंगणात उभा होता. आकडा सव्वीस लाख. केजकरांनी काच पुसली, यंत्र पेटीत ठेवले आणि किल्ली त्याच्या हातात दिली. नोंद त्यांनी स्वतः लिहिली. "बोट, सव्वीस. औषध घेतले. बाई एकच. यावरून काही ठरत नाही."

बाळंतपणाला तीन-चार आठवडे होते. सव्वीस लाखांवर बाई निभावेल की नाही, हे त्यांना सांगता येत नव्हते. चंद्रभागेच्या आईने विचारले तेव्हा त्यांनी तसेच सांगितले. मग त्यांनी रजेचा अर्ज लिहिला. मंजुरीची वाट न पाहता ते लिंबागणेशाच्या देवळाच्या ओवरीत राहायला गेले. बदलीच्या जागी वेळेवर हजर झाले नाहीत, अशी नोंद त्यांच्या नोकरीच्या कागदात आहे.

पाडव्यानंतर पाचव्या दिवशी सकाळी कळा सुरू झाल्या. निरोप आला तेव्हा मी दवाखान्याचा हिशेब द्यायला ओवरीत गेलेलो होतो. आम्ही पोचलो तेव्हा भानुदास अंगणात होता. कासिमबी आत होती, केजकर दाराबाहेर ओट्यावर बसले. घरात पुरुषाने जायचे नाही आणि त्यांनीही ते मागितले नाही. दुपारी मूल रडल्याचा आवाज आला. भानुदास उठून उभा राहिला. त्यानंतर आतून पाण्याच्या भांड्यांचाच आवाज येत राहिला.

कासिमबी दारात आली. तिचे हात कोपरापर्यंत भरलेले होते. "डागदर, आत या."

चंद्रभागेची आई बाजूला झाली. केजकर पायताण काढून आत गेले. बाहेर ऐकू आले ते एवढेच. त्यांनी दोनदा गरम पाणी मागितले. एकदा म्हणाले, "दाबून धरा, सोडू नका." कासिमबी म्हणाली, "धरलंय." मग खाटेचे पाय विटांवर उचलल्याचा आवाज आला. भानुदासने मला वेळ विचारली. थोड्या वेळाने पुन्हा विचारली.

तासाभराने केजकर बाहेर आले. सदरा छातीपर्यंत लाल होता. ते भानुदासला म्हणाले, "रक्त बरंच गेलं. आता थांबलंय. सूर्य मावळेपर्यंत तिला एकटं सोडू नका."

"वाचंल का?"

"उद्या सांगतो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी सांगितले नाही. तिसऱ्या दिवशी चंद्रभागेने पेज मागितली. सातव्या दिवशी ती भिंतीला टेकून बसली आणि मुलीला स्वतः घेतले. बाराव्या दिवशी, बारशाच्या सकाळी, केजकर निघाले. चंद्रभागेच्या आईने त्यांना खण-नारळ द्यायला काढला, मग पुरुषाला खण कसा द्यायचा म्हणून नुसता नारळ दिला. कासिमबी म्हणाली, "तिकडं बी पुडी देताना नाव सांगूनच देनार का?"

"हो."

"मंग तिकडं बी चारच घेत्याल."

केजकरांनी वही माझ्याकडे दिली. चंद्रभागेच्या ओळीत 'परिणाम' हा रकाना रिकामा होता. त्यांनी सांगितले तसे मी लिहिले. "बाई जिवंत. मुलगी जिवंत. औषधाने की कसे, ठरलेले नाही." त्यांनी ते वाचले, शाई वाळेपर्यंत थांबले आणि छकड्यात बसले. पेटी नसल्यामुळे हात कुठे ठेवावेत हे त्यांना सुचत नव्हते. नारळ मांडीवर ठेवून त्यांनी तो दोन्ही हातांनी धरला. छकडा मांजरसुंब्याच्या रस्त्याला लागला.

ती वही पुढे सहा वर्षे दवाखान्यात होती. तिच्यात त्यानंतर रक्त मोजल्याची नोंद नाही.